निवड, दत्तकपण आणि कपाटातला कोर्टाचा कागद

वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत):

‘मी एक्केचाळीस वर्षांची शिक्षिका आहे, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. दोन वर्षांची असताना आईपप्पांनी मला अनाथाश्रमातून घरी आणलं. पुढे त्यांना मुलगा झाला. आम्हां दोघांत त्यांनी कधी फरक केला नाही. गेल्या वर्षी पप्पा वारले. कपाटातली कागदपत्रं लावताना कोर्टाचा जुना आदेश सापडला. त्यात आईपप्पा माझे “गार्डियन” आहेत असं लिहिलंय. दत्तक हा शब्द कुठेही नाही. त्याच सुमारास मंडळीच्या शास्त्राभ्यासात एका तरुण बंधूंनी बायबलमधलं इफिसकरांस पत्र शिकवायला घेतलं. देवाने जगाच्या स्थापनेपूर्वीच काहींना आपली लेकरं म्हणून नेमलं आणि बाकीच्यांना नाही, असं ते सांगतात. मी लहानपणापासून शहाण्यासारखी वागत आले, कारण परत पाठवतील ही भीती होती. आता देवाबद्दल तेच वाटतं. मी निवडलेली नसेन तर? धाकट्या भावाने चर्च सोडून बरीच वर्षं झाली. तो निवडलेला नसेल तर त्याच्यासाठी प्रार्थना करून काय उपयोग? रात्री झोप लागत नाही. शास्त्राभ्यासाला जाणं बंद करू का?’

प्रिय ताई,

सप्रेम जय ख्रिस्त.

तुम्ही तीन प्रश्न विचारलेत, पण त्या तिन्हींच्या तळाशी मला एकच भीती दिसते, आणि ती शास्त्राभ्यासाच्या वर्गात जन्मलेली नाही. ‘परत पाठवतील’ ही भीती कळत्या वयापासून तुमच्यासोबत आहे. त्या बंधूंच्या शिकवणीने तिला शास्त्रातलं एक वचन मिळवून दिलं, एवढंच. म्हणून मी आधी कपाटातल्या कागदाबद्दल बोलते आणि मग ते पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाबद्दल.

तुम्हाला घरी आणलं त्या काळात आपल्या देशात ख्रिस्ती जोडप्यासाठी दत्तकाचा कायदाच नव्हता. १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांच्यापुरता होता. ख्रिस्ती, मुस्लिम, पारशी कुटुंबांना मूल घरी आणायचं असेल तर इंग्रजांच्या काळातला, १८९० चा गार्डियन्स अँड वॉर्ड्स कायदा हाच मुख्य रस्ता असे. कोर्ट त्यांना गार्डियन नेमायचं. त्या नात्याला मुदत असते, मूल सज्ञान झालं की ते संपतं. त्यातून वारसाहक्क आपोआप मिळत नाही. बाल न्याय कायदा २००० मध्ये आला, २००६ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि कोणत्याही धर्माच्या माणसाला दत्तक घेण्याची वाट खुली झाली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं. तेव्हा तुमची दोन-अडीच वर्षांची पावलं त्या घरात पडली, त्या वेळी तुमच्या पप्पांना हवा तो शब्द कोर्टात मागायची सोयच नव्हती. ‘गार्डियन’ हा त्यांच्या मनातला शब्द नव्हता. कायद्याकडे त्यांच्यासाठी तेवढाच शब्द होता, आणि तेवढ्यासाठीही त्यांनी कोर्टाच्या पायऱ्या चढल्या.

इथे एक व्यवहाराची गोष्ट सांगायलाच हवी, कारण तुमच्यासारख्या अनेकांना ती ठाऊक नसते. पप्पांनी मृत्युपत्र केलं होतं का, ते पाहा. केलं नसेल तर ख्रिस्ती माणसाच्या मालमत्तेची वाटणी १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने होते आणि गार्डियनशिपच्या कागदावर तुमचा वाटा अडू शकतो. चांगल्या वकिलाला कागद दाखवा. आईच्या नावावर जे असेल त्याचं मृत्युपत्र आईला करता येतं, आणि त्यात ती तुमचं नाव मोकळेपणाने घालू शकते. ही बोलणी भावाला बाजूला ठेवून करू नका. ज्या आईवडिलांनी असंच मूल आणलंय आणि जे हे वाचताहेत, त्यांनी मृत्युपत्र करायला म्हातारपणाची वाट पाहू नये.

आता पौलाकडे येऊ.

दत्तकपणाची गोष्ट पौल ज्या जगात सांगत होता, तिथे तिचा अर्थ सगळ्यांना माहीत होता. रोमकरांस पत्र साधारण इ. स. ५७ च्या सुमारास लिहिलं गेलं. तेव्हा रोमच्या गादीवर नेरो होता आणि तो स्वतः दत्तक होता. सम्राट क्लौदियाने त्याला इ. स. ५० मध्ये दत्तक घेतलं. त्याआधी औगुस्ताने तिबिर्याला दत्तक घेतलं तेव्हा तिबिर्याची चाळिशी उलटली होती. रोमी दत्तकविधानात माणसाला नवा बाप, नवं नाव आणि पूर्ण वारसा मिळे. म्हणून पौल रोमच्या विश्वासणाऱ्यांना लिहितो की, तुम्हाला पुन्हा भीती बाळगायला लावणारा दासाचा आत्मा मिळालेला नाही, दत्तकपणाचा आत्मा मिळाला आहे, त्याच्या योगे आपण ‘अब्बा, बापा’ अशी हाक मारतो. ताई, रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातलं हे पंधरावं वचन आज पुन्हा वाचा. दत्तकपणाच्या शेजारी पौलाने भीतीचं नाव घेतलंय, ते काढून टाकण्यासाठी.

आपल्याकडचं दत्तकही आठवून पाहा. बडोद्याच्या गादीला वारस हवा होता म्हणून १८७५ मध्ये कवळाण्याचा गोपाळ सयाजीराव झाला. कोल्हापूरच्या गादीला वारस हवा होता म्हणून १८८४ मध्ये कागलच्या घाटग्यांचा यशवंत शाहू झाला. घराण्याला उणीव असते, ती भरायला मूल आणतात, आणि मग त्या मुलाने ती भरून काढावी अशी अपेक्षा असते. परत पाठवण्याची भीती याच अपेक्षेच्या पोटी जन्मते: आपण उपयोगी पडलो नाही तर? देवाच्या घरात मात्र अशी उणीवच नव्हती. त्याला पुत्र होता. वारस होता. आपल्याला घेण्यामागे त्याची कुठली गरज नव्हती, म्हणून आपण कमी पडलो तर त्याची सोय बिघडेल असाही प्रश्न येत नाही. क्लौदियाच्या घरात दत्तक नेरो आला आणि पोटचा मुलगा ब्रितान्निक मागे ढकलला गेला. इथे उलट घडलं. पोटच्या पुत्रानेच आम्हांला आत घेतलं. तो पुष्कळ भावंडांमध्ये ज्येष्ठ व्हावा, हाच देवाचा संकल्प होता असं रोमकरांस पत्र सांगतं. निवड झाली ती ‘ख्रिस्ताच्या ठायी’. इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात पौल हे इतक्या वेळा म्हणतो की ते ऐकल्यावाचून तो अध्याय वाचणंच शक्य नाही.

माझा अंदाज आहे की तुमच्या मनात निवडीची शिकवण वेगळ्याच रूपात शिरली आहे. आपण ख्रिस्ती असलो तरी याच मातीत वाढलो. पाचवीच्या रात्री सटवाई येते, बाळाच्या कपाळावर लिहून जाते, आणि ते लिखाण कुणालाच वाचता येत नाही. ‘पूर्वीच नेमलेलं’ हे शब्द कानावर पडले की आपल्याला तेच कपाळ दिसतं आणि आपण आयुष्यभर आरशात ते लिखाण शोधत बसतो. पौल मात्र एका बापाच्या मनाबद्दल लिहितो आहे, आणि ते मन त्याने झाकून ठेवलेलं नाही. तो अध्याय स्तुतीने सुरू होतो. आधीच आत आलेल्या, बाप्तिस्मा झालेल्या, एकमेकांशी भांडणाऱ्या, पुन्हा पुन्हा चुकणाऱ्या माणसांना पौल सांगतो आहे की तुम्ही इथे चुकून आलेला नाहीत, तुमचं इथे असणं जगाच्या आधीपासून कुणाच्या तरी मनात होतं. बाहेर कोण राहिलं याची यादी त्या अध्यायात नाही. जी यादी पौलाने दिली नाही ती आपण करू नये.

मी स्वतः सुधारणेच्या, म्हणजे सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारक कॅल्विनच्या परंपरेत वाढले आणि देव निवडतो यावर माझा मनापासून विश्वास आहे. म्हणूनच या परंपरेतल्या मोठ्या माणसांनी ही शिकवण किती जपून हाताळली, ते तुम्हाला सांगावंसं वाटतं. जॉन कॅल्विनने आपल्या मुख्य ग्रंथाच्या १५५९ च्या शेवटच्या आवृत्तीत हा विषय कुठे ठेवला? तिसऱ्या भागात, विश्वासाबद्दल सगळं सांगून झाल्यावर. त्याच्या अगदी आधीचं प्रकरण प्रार्थनेवर आहे. देवाच्या गुप्त संकल्पात कुतूहलाने शिरणारा माणूस बाहेर न येता येणाऱ्या चक्रव्यूहात सापडतो, असा इशारा त्याने दिला. आणि आपली निवड पाहायचा आरसा ख्रिस्त आहे, ती स्वतःत शोधू नये, असं स्पष्ट लिहिलं. पुढे १६१८–१९ मध्ये हॉलंडातल्या डॉर्ट इथे धर्मसभा भरली. निवडीची शिकवण सर्वांत ठामपणे मांडणारी सभा म्हणून ती ओळखली जाते. तिच्या पहिल्याच भागातलं सोळावं कलम तुमच्यासाठी लिहिल्यासारखं आहे. ज्यांना अजून जिवंत विश्वास, मनाची शांती, लेकराचा भरवसा जोरकसपणे जाणवत नाही, पण जे वचन, प्रार्थना यांसारखी देवाने दिलेली साधनं वापरत आहेत, त्यांनी या शिकवणीने घाबरू नये आणि स्वतःला टाकलेल्यांत धरू नये, असा त्याचा आशय आहे. कारण देव मिणमिणती वात विझवत नाही. तुमचे शिक्षक बंधू सुधारणेच्या परंपरेचे असतील तर हे कलम त्यांच्याच घरचं आहे.

याच परंपरेतल्या, इंग्लंडमध्ये लिहिलेल्या १६४६ च्या वेस्टमिन्स्टर विश्वासकथनात दत्तकपणावर एक वेगळं प्रकरण आहे, एकाच परिच्छेदाचं. देवाच्या लेकरांवर दया केली जाते, त्यांचं रक्षण होतं, त्यांना बाप लावतो तशी शिस्त लावली जाते, पण त्यांना कधीही टाकून दिलं जात नाही, असं ते म्हणतं. शिस्त आणि टाकून देणं यांतला हा फरक तुम्हाला लहानपणी कुणी समजावून सांगायला हवा होता. खरा विश्वास असूनही भरवसा यायला बराच काळ लागू शकतो, हेही त्याच विश्वासकथनात आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये झाला. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त अजून सापडला नव्हता, असं त्यांनी त्या पहिल्या वर्षांबद्दल नंतर लिहिलं. तो भरवसा त्यांना साधारण आठ वर्षांनी आला. पुढे दुष्काळात शेकडो मुलींना केडगावच्या आपल्या ‘मुक्ती’ या आश्रमात घेऊन आल्या, त्या याच रमाबाई.

सगळे ख्रिस्ती लोक निवडीचा अर्थ एकसारखा लावत नाहीत, हेही तुम्हाला ठाऊक असू द्या. देवाने कोण विश्वास ठेवील हे आधी जाणलं आणि त्याप्रमाणे नेमलं, असं मेथडिस्ट परंपरा म्हणते. सर्वांचं तारण व्हावं अशी देवाची इच्छा आहे, असं तीमथ्याच्या पहिल्या पत्रात आहे, त्यावर ती भर देते. कॅथलिक पंथात डोमिनिकन आणि जेझुइट या दोन धर्मसंघांतल्या विद्वानांचा या विषयावरचा वाद पोपपर्यंत गेला, तेव्हा १६०७ मध्ये पाचव्या पौल पोपने कुणा एकाच्या बाजूने निकाल दिला नाही, एकमेकांना दोषी ठरवू नका एवढंच सांगितलं. आपल्या महाराष्ट्रात अमेरिकन मराठी मिशन आणि स्कॉटिश मिशन कॅल्विनच्या वाटेने आलं आणि मेथडिस्ट दुसऱ्या. १९७० मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं तेव्हा प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, अँग्लिकन, बॅप्टिस्ट आणि ब्रिटिश मेथडिस्ट परंपरेतले लोक एका छपराखाली आले. निवडीबद्दल सगळ्यांचं एकमत होईपर्यंत ते थांबले नाहीत. तुमच्या मंडळीतल्या बाकांवरही आज दोन्ही विचारांची माणसं शेजारी शेजारी बसत असतील.

भावाबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते वाचून मला सगळ्यांत जास्त वाईट वाटलं. प्रार्थनेचा उपयोग काय, असा प्रश्न त्या वर्गातून निघत असेल तर पौल अर्धाच वाचला जातोय. रोमकरांस पत्राचा नववा अध्याय म्हणजे निवडीबद्दलचा सर्वांत कठीण मजकूर. तो सुरू कसा होतो? आपल्या भाऊबंदांसाठी मला अतिशय दुःख आहे, माझ्या मनात अखंड वेदना आहे, त्यांच्यासाठी मीच शापित व्हावं असंही वाटतं, असं पौल म्हणतो. आणि दहावा अध्याय उघडताच तो सांगतो की त्यांचं तारण व्हावं ही माझी देवाजवळ विनंती आहे. निवडीबद्दल इतकं खोल लिहिणाऱ्या माणसाने भाऊबंदांसाठी प्रार्थना थांबवली नाही. प्रेषितांच्या कृत्यांत, करिंथ नगरात, प्रभू रात्री पौलाला म्हणतो की भिऊ नकोस, या नगरात माझे पुष्कळ लोक आहेत. त्यांतल्या कितीतरी जणांनी अजून त्याचं नावही ऐकलं नव्हतं. ते ऐकून पौल तिथे दीड वर्ष राहिला. देव निवडतो म्हणजे आज बाहेर दिसणाऱ्या कुणाबद्दलही आशा सोडायची नाही, असा त्याने त्याचा अर्थ घेतला. तुमचा भाऊ आज चर्चला येत नाही, यावरून त्याच्याबद्दल कुठलाही निष्कर्ष काढायचा अधिकार तुम्हाला नाही, मला नाही, त्या बंधूंनाही नाही.

त्याला फोन कराल तेव्हा निवडीचा विषय काढू नका. मुलांच्या शाळेबद्दल बोला, आईच्या औषधांबद्दल बोला. पप्पांच्या आठवणी काढा, कारण त्याचेही पप्पा गेलेत. तो कागद त्यालाही दाखवा. ज्या बहिणीला त्याने कधी परकं मानलं नाही, तिला कोर्टाचा एक शब्द इतका लागलाय हे त्याला कळू द्या. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला, लक्ष्मीबाईंचा त्यानंतर साधारण पाच वर्षांनी. एकाच घरात दोन माणसं वेगवेगळ्या वेळी पोचतात.

आईशीही बोला. ‘मला परत पाठवाल असं वाटायचं’ हे वाक्य तुम्ही तिच्यासमोर आजवर उच्चारलं नसेल, असं तुमच्या पत्रावरून वाटतं. ती दुखावेल म्हणून गप्प राहू नका. ते ओझं किती जुनं आहे हे ठाऊक नसल्यामुळेच तिला ते हलकं करता आलं नाही. घरी आणलं त्या दिवशी काय झालं, कोर्टात कोण कोण गेलं होतं, हे तिच्या तोंडून ऐका.

लूकच्या पंधराव्या अध्यायातल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीतला थोरला मुलगाही आठवा. इतकी वर्षं मी दासासारखा राबलो, असं तो बापाला ऐकवतो. घरातच वाढला, पण आपण मुलगा आहोत हे त्याच्या मनात कधी उतरलंच नाही. बाप त्याला घालवून देत नाही. बाहेर येऊन त्याची समजूत घालतो आणि म्हणतो, माझं जे काही आहे ते तुझंच आहे. शहाणपणाने वागून जागा टिकवणाऱ्या मुलांनाही तो बाहेर येऊन भेटतो, हे त्या गोष्टीत आहे आणि आपण ते भरभर वाचून पुढे जातो.

काही दिवस स्वतःची परीक्षा घेणं थांबवा. ‘मला आज विश्वास जाणवला का, प्रार्थनेत डोळ्यांत पाणी आलं का’ ही तपासणी नको. त्याऐवजी योहानाच्या सहाव्या अध्यायातलं एक वचन धरा: जो माझ्याकडे येतो त्याला मी मुळीच घालवून देणार नाही. त्याच अध्यायात, पित्याने ओढल्याशिवाय कुणी माझ्याकडे येऊ शकत नाही, असंही आहे. तुम्ही येताय, म्हणजे कुणीतरी ओढतोय. ‘बापा’ म्हणवत नसेल तर प्रभूची प्रार्थना मंडळीबरोबर म्हणा. तिथे आपण ‘आमच्या पित्या’ म्हणतो, आणि तुमच्याकडून ते निघत नसेल त्या दिवशी शेजारची बहीण तुमच्या वतीनेही ते म्हणत असते.

झोपेबद्दल मात्र स्पष्ट सांगते. तोच विचार नको असताना तासन्‌तास येत असेल, पुन्हा पुन्हा खात्री करून घेतल्याशिवाय चैन पडत नसेल, तर त्याकडे फक्त आत्मिक प्रश्न म्हणून पाहू नका. वडील जाऊन वर्ष झालं आहे, शरीर आणि मन दोन्ही थकलेत. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जवळपास कुणी नसेल तर सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर फुकट मिळते, मराठीतही बोलता येतं. डॉक्टरकडे गेल्याने विश्वास कमी ठरत नाही.

आणि शास्त्राभ्यास. जाणं लगेच बंद करू नका. आधी तुमच्या पाळकांना भेटा, तुमची गोष्ट सांगा आणि त्या बंधूंशी बोलताना सोबत राहायला सांगा. त्या तरुणाच्या मनात वाईट काही नसेल. आजकाल परदेशी उपदेशकांच्या पाच-दहा मिनिटांच्या चित्रफितींवरून कितीतरी मुलं ही शिकवण उचलतात. त्यांत धार असते, पण कॅल्विनने तिच्याआधी ठेवलेलं प्रार्थनेवरचं प्रकरण नसतं. त्याला सांगा की वर्गात बसलेल्यांपैकी काहींच्या आयुष्यात ‘निवडलं’ या शब्दाआधी ‘सोडलं’ हा शब्द येऊन गेलेला असतो, त्यामुळे दत्तकाचा दाखला देताना त्या मुलांचाही विचार कर. मेथडिस्ट परंपरेचा प्रवर्तक जॉन वेस्ली आणि त्याचा सहकारी, पण निवडीबाबत कॅल्विनच्या वाटेचा उपदेशक जॉर्ज व्हिटफिल्ड याच विषयावर उघडपणे भांडले. वेस्लीने १७३९ मध्ये निवडीच्या शिकवणीविरुद्ध प्रवचन छापलं, व्हिटफिल्डने त्याला जाहीर उत्तर दिलं. तरी व्हिटफिल्ड १७७० मध्ये वारला तेव्हा त्याच्याच इच्छेप्रमाणे लंडनमध्ये त्याच्या स्मरणार्थ प्रवचन वेस्लीने केलं. तेव्हा तुमचं त्या बंधूंशी एकमत झालं नाही तरी बिघडत नाही. तो तुमच्याशी प्रेमाने बोलायला तयार नसेल आणि पाळकांचंही ऐकत नसेल, तर खुशाल दुसऱ्या गटात जा. पण तो ऐकणारा असेल तर त्याच्याकडे एकच मागणं करा: इफिसकरांस पत्र झाल्यावर रोमकरांस पत्राचे नववा, दहावा आणि अकरावा असे तिन्ही अध्याय सलग घ्यायचे, नवव्याच्या शेवटी वर्ग थांबवायचा नाही.

तुमची भगिनी